बाप्तिस्म्याच्या सकाळचं खारं पाणी

१

“आधी जिभेला विचार, मग दाराला हात लाव. डोळ्यांना सगळं पाणी सारखंच दिसतं, बायना.”

हे सँचोचे शब्द. सँचो माझा नवरा. तीस वर्षं तो या भातशेताच्या उघाडीवर होता. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या मालकीचा गुलाम म्हणून, आणि गुलामी मोडणारी लढाई संपल्यावर सहा वर्षं स्वतःचा स्वतः म्हणून.

समुद्र आमच्यापासून दहा मैल लांब आहे. पण पाऊस रुसला की भरतीबरोबर त्याचं पाणी नदीतून वर चढत येतं. बांधातून आरपार गेलेली एक लांब लाकडी पेटी, तिला नदीच्या बाजूला वर उचलायचं दार आणि शेताच्या बाजूला आपोआप मिटणारी झडप, ही आमची उघाडी. दार योग्य वेळी उचललं तर गोडं पाणी आत येतं आणि भात पोसतं. चुकीच्या वेळी उचललं तर वर्षाचे कष्ट एका सकाळीत मिठात जातात.

सँचो गेला त्याला आता सहा वर्षं झाली. दार उचलायची त्याची काठी टायटस पोलाइटकडे गेली आणि नेम माझ्याकडे राहिला. उजाडताना, कोणाशी एक शब्द बोलायच्या आधी, उघाडीपाशी जायचं, नदीची ओंजळ तोंडात घ्यायची, चव बघायची आणि मग प्रभूला हाक मारायची.

ऑगस्टमधल्या त्या रविवारीही मी गेले. टायटसच्या लेकीचा, डोरकसचा, त्या दिवशी बाप्तिस्मा होता. उघाडीचं दार खाली होतं. नदीचं पाणी गोड लागलं. शेतात गुडघाभर पाणी खुंटीवरच्या खुणेला अगदी टेकलेलं होतं आणि लोंब्यांत दूध भरत होतं. मी आभार मानले आणि पांढरे झगे घेऊन घाटावर गेले.

दुपारी बाराला आम्ही गात गात परतलो, तो पुढची बाई एकदम थांबली.

उघाडीचं दार वर उचललेलं होतं. खाली पडू नये म्हणून त्याला खिट्टीसुद्धा लावलेली. शेतातलं पाणी खुणेच्या चार बोटं वर आलेलं, आणि आत शिरलेलं पाणी शेताकडच्या झडपेने छान कोंडून धरलेलं.

आम्ही कोणी काही बोलायच्या आधीच बांधावरून घोडा दौडत आला. मालकीणबाईंचे कारभारी किटरिजसाहेब घोड्यावरूनच ओरडले, “खारं पाणी सोडलंत शेतात! स्वतःच्या हाताने पीक मारलंत, मूर्खांनो!”

मी खाली वाकले. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मीठ.

२

ते शेत म्हणजे आमच्या वीस घरांचा श्वास होता. थोर्न मालकीणबाईंनी पाच वर्षांपूर्वी करार करून दिला होता: पाच पिकं नीट काढून अर्धं भात त्यांच्या कोठारात घाला, मग जमीन तुमची. हे पाचवं पीक. कापणीला तीन आठवडे राहिले होते. पण करारात किटरिजसाहेबांनी एक ओळ घालून ठेवली होती: कुळांच्या हातून पीक बुडालं तर करार संपला. उघाडीची किल्लीकाठी कुळांच्याच हातात, म्हणजे उघाडीचा दोषही कुळांचा.

“टायटसने केलं हे,” किटरिजसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मी डोळ्यांनी पाहिलंय.”

शेरीफचा शिपाई तिथेच होता. दोन दिवस तो आमच्या वाडीत घिरट्या घालत होता. खाली नदीकाठी खताचा खडक खणायला सरकार कैदी भाड्याने देतं. तिथून पट्टेरी कपड्यांतला एक पोरगेला माणूस पळाला होता. त्याला कोणी पाहिलंय का, म्हणून शिपाई दारोदार फिरत होता. आता त्याने टायटसच्या दंडाला धरलं.

“चल बाबा. पळालेला सापडला नाही, तर तू सही. खडकाला हात कमी पडतायत.”

सगळे हसल्यासारखे झाले, पण पुरतं कोणी हसलं नाही. कारण ते खरं होतं. खडकावर गेलेल्या माणसाचं आयुष्य वर्षांत नव्हे, दिवसांत मोजतात.

देवाची दया की जज्ज ग्रिग्ज तिथे होते. अब्राम ग्रिग्ज आमच्यातलेच. तरुणपणी शहरात पिंपं बनवायचे आणि आता तालुक्याचे जज्ज होते. त्यांच्या भाचीचाही त्या दिवशी बाप्तिस्मा होता, म्हणून ते पहाटेच आले होते. त्यांनी चष्मा पुसला.

“शिपाई, दंड सोड. एक वाजता ओकच्या झाडाखाली चौकशी. तोवर उघाडीला कोणी हात लावायचा नाही. पुरावा आहे तो.”

“जज्जसाहेब,” मी म्हणाले, “तीन वाजता ओहोटी संपते. त्याच्या आत हे पाणी बाहेर सोडलं आणि नव्या भरतीचं पहिलं गोडं पाणी आत घेतलं, तर भात जगेल. लोंबी रात्रभर मिठात राहिली तर काही उरणार नाही.”

“मग एक तासात मला खरं काय ते दाखवा, बायनाबाई. नाहीतर माझे हात कायद्याने बांधलेत.”

किटरिजसाहेबांनी घोड्याची मान थोपटली. “बघा, प्रार्थना करून काही होतंय का.”

३

टायटस ओकखाली बसला होता. सदरा घामाने ओला. अंगात कोट नव्हता. एवढा एकच रविवारचा कोट त्याच्याकडे होता आणि लेकीच्या बाप्तिस्म्याला तो सकाळी घालून आला होता, हे मी पाहिलं होतं.

“टायटस, डोरकसला पाण्यात घेतलं तेव्हा तू कुठे होतास?”

“मावशी, ते विचारू नकोस.”

“पोरगी वर आली आणि पहिल्यांदा बापाला शोधू लागली. तू नव्हतास. तिचे ओठ थरथरत होते, ते काही थंडीने नव्हे.”

त्याने मान खाली घातली. “मी कुणाला तरी शब्द दिलाय. माझा जीव गेला तरी बोलणार नाही.”

मी शिपायाकडे पाहिलं. बाप्तिस्मा चालू असताना तोही काठावर येऊन टोपी काढून बघत उभा होता. दोन दिवसांत त्याचे डोळे दुसरीकडे होते ते तेवढा अर्धा तास. मग मी टायटसच्या कोट नसलेल्या खांद्यांकडे पाहिलं. मला काय कळायचं ते कळलं. हे मी जज्जसमोर बोलले असते तर टायटस उघाडीच्या आरोपातून सुटला असता, पण पळालेल्याला लपवल्याबद्दल शेवटी खडकावरच गेला असता. आणि एकटा नव्हे.

बाप्तिस्म्याच्या वेळी, दहा वाजता, तो कुठे होता हे न सांगताच त्याला सोडवायला हवं होतं.

“बरं,” मी म्हणाले. “नको सांगूस. आठ वाजता कुठे होतास तेवढं तरी?”

“आठला? घाटावरच की. पाण्यात.”

“झालं तर मग.”

तिथून मी मंडे चिझमच्या खोपटाकडे गेले. उघाडीची काठी टायटसऐवजी आपल्याला मिळायला हवी होती असं मंडेला सहा वर्षं वाटत आलेलं. कुणाचा राग असेल तर त्याचा, असं आमच्या बायका कुजबुजत होत्या. दारातच तळणीचा वास आला.

“या, मावशी,” त्याची बायको म्हणाली. “जेवूनच जा.”

तव्यावर तीन मासे होते. क्रोकर. पाण्याबाहेर काढला की बेडकासारखा टर्रटर्र करणारा मासा. तो समुद्राचा. आमच्या नदीत दिसतो तो फक्त खारं पाणी वर चढतं तेव्हाच. शिवाय असल्या उकाड्यात शनिवारचा मासा रविवारी तव्यावर कोणी टाकत नाही.

मंडे कोपऱ्यात बसून जाळं विणत होता. माझ्याकडे बघेना.

“सकाळच्या प्रार्थनेला दिसला नाहीस, मंडे.”

“पोट बिघडलं होतं.”

“आणि आता क्रोकर खातोयस?”

सुई त्याच्या बोटात गेली. त्याने बोट तोंडात घातलं. मनातली गोष्ट माणसाने स्वतः बाहेर काढली तरच ती टिकते, दुसऱ्याने ओढून काढली तर तुटते. मी एवढंच म्हणाले, “एक वाजता ये. डोरकससाठी ये. ती तुझीही पुतणीच लागते.”

बाहेर आले तर ऊन डोक्यावरून कललं होतं. नदी उतरत होती आणि आमचं भात मिठात उभं होतं.

४

ओकखाली सगळी वाडी जमली. मालकीणबाई आपल्या गाडीत छत्री उघडून बसल्या. दर बाप्तिस्म्याला त्या यायच्या आणि लांबूनच बघायच्या. किटरिजसाहेबांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवला.

“मी बांधावरून चाललो होतो. बाप्तिस्मा सुरू झाला होता, गाणं ऐकू येत होतं. तेव्हा हा टायटस उघाडीपाशी आला, दार उचललं आणि नदी धो धो करत शेतात शिरली. मी ओरडेपर्यंत पळाला. घाटावर तो नव्हता, विचारा कोणालाही.”

कोणाला विचारायची गरज नव्हती. डोरकस डोळे पुसत होती.

“टायटस?” जज्जनी विचारलं.

टायटसने नुसतं डोरकसकडे पाहिलं.

“बघा,” किटरिजसाहेब म्हणाले. “जीभ सुटत नाही.”

मी उभी राहिले. माझा आवाज लहान आहे, त्यामुळे लोकांना शांत व्हावं लागतं.

“जज्जसाहेब, टायटस दहा वाजता कुठे होता हे मला विचारायचंच नाही. दोन-तीन प्रश्न आहेत, ते किटरिजसाहेबांना.”

“विचारा.”

“साहेब, दार उचललं तेव्हा गाणं नक्की चालू होतं?”

“सांगितलं ना.”

“म्हणजे मुली पाण्यात उतरल्या होत्या. आधी नाही, नंतर नाही?”

“ए म्हातारे, मी काही बहिरा नाही. तुमचा गलबला दोन मैलांवर जातो. गाणं अगदी टिपेला होतं आणि नदी धो धो आत येत होती. शपथेवर सांगतो.”

“शपथेवर,” मी म्हणाले. “जज्जसाहेब, तुमचा बाप्तिस्मा कुठल्या पाण्यात झाला?”

ग्रिग्जसाहेबांनी भुवई उचलली. “नदीत. आमच्या सगळ्यांचा झाला तसाच.”

“चढत्या पाण्यात?”

“छे! काय बोलता. चढत्या पाण्यात कोण बाप्तिस्मा देतं? पापं परत घरी आणायची का? ओहोटीतच. वाहून समुद्राला जायला हवीत ती...”

ते थांबले. चष्मा हळूहळू नाकावर खाली आला.

आधी मागून एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळं ओकचं झाड हसायला लागलं. आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट होती ती. किटरिजसाहेब अकरा वर्षं आमचं गाणं ऐकत होते, पण आम्ही ते त्याच घटकेला का गातो हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“काय दात काढताय?” ते ओरडले.

“साहेब,” मी म्हणाले, “आम्ही पाळकांना पाण्यात उतरू दिलं ते नदी हातभर उतरल्यावर. काठावरचा ओला चिखल मालकीणबाईंनीही पाहिला असेल. शेतातलं पाणी खुणेला टेकलेलं होतं. म्हणजे दहा वाजता नदी शेतापेक्षा हातभर खाली होती. दार उचला, पेटी फोडा, पाणी काही डोंगर चढून आत येत नाही. चार बोटं वाढलं ते भरतीच्या टोकाला, साडेसात ते साडेआठच्या मधे. परवा पौर्णिमा झाली. खुणेच्या वर नदी जाते ती फक्त तेवढा तासभर.”

“आणि आठ वाजता टायटस कुठे होता?” जज्जनी विचारलं. मग स्वतःच हसू लागले. “थांबा. आठ वाजता टायटस पोलाइट माझ्याबरोबर कमरेभर पाण्यात वेताच्या काठीने बाप्तिस्म्याच्या जागेचा तळ चाचपत होता. माझी ही विजार अजून वाळलेली नाही!”

५

किटरिजसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण ते इतक्यात हरणारे नव्हते.

“असेल. वेळ चुकली असेल माझी. मी घड्याळ थोडंच बघत होतो! याने नाही तर याच्यासारख्या दुसऱ्या कोणी केलं. पीक कुळांच्या हातून बुडालं एवढं खरं. करार संपला.”

मालकीणबाईंची छत्री जराशी हलली.

“अजून एक,” मी म्हणाले. “दुपारी तुम्ही आलात तेव्हा घोड्यावरून उतरला नव्हता. मी बोट बुडवायच्या आधीच तुम्ही ‘खारं’ म्हणालात. चाखलं कधी?”

“दुष्काळ आहे. नदी खारी आहे हे कुत्र्यालाही माहीत आहे.”

“पहाटे गोड होती. मी रोज चाखते. आता या क्षणीही गोड असेल, ओहोटीची आहे. खारं पाणी येतं ते भरतीच्या शेवटच्या तासात. तुम्ही शपथेवर सांगितलंत की पाणी दहाला आत गेलं. दहाचं पाणी गोड असतं, साहेब. मग शेत खारं आहे हे तुम्हाला कसं कळलं? ज्याने वेळ साधून मीठ आत घेतलं, त्यालाच न चाखता ठाऊक असणार.”

“हा पुरावा नाही. बाईची बडबड आहे. कोणी पाहिलंय मला?”

मी गर्दीत मागे उभ्या असलेल्या मंडेकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले. मनात म्हटलं, प्रभू, आता ओढायचं काम तुझं.

मग मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“मी पाहिलंय.”

मंडे पुढे आला. टोपी दोन्ही हातांत पिळत होता.

“मी उघाडीच्या पलीकडे वेतात बसलो होतो. गळ टाकून.” त्याने टोपीकडेच बघत पुढे सांगितलं. “रविवारी. प्रार्थनेच्या वेळी. हसा, हसा. मासा चांगला लागत होता म्हणून मला कळलंच, की खार चढलीय. तेवढ्यात साहेब आले. घोडा बांधला, उघाडीपाशी ठेवलेली काठी लावली, दार उचललं, खिट्टी घातली. वळले तर समोर मी. मला म्हणाले, नदीतला खडक खणणारी कंपनी हे शेत मागतेय, हे लोक जातीलच. तोंड मिटून राहा, तिथे मुकादम करतो तुला.”

“आणि तू मिटलंस,” टायटस पहिल्यांदाच बोलला.

“मिटलं. साहेबाची भीती होतीच. पण खरं सांगू? त्याहून जास्त भीती बायनामावशीची होती. नाव मंडे आणि गळ टाकतो रविवारी, असं म्हणून आयुष्यभर चिडवलं असतं सगळ्यांनी.”

“चिडवणारच आहोत!” कोणीतरी ओरडलं.

किटरिजसाहेब घोड्याकडे वळले. जज्ज म्हणाले, “शिपाई, तुला हात हवे होते ना? हे घे दोन. खोटी शपथ आणि पिकाची नासाडी. मोठ्या कोर्टात ते सुटतीलही कदाचित, त्यांचे मित्र पुष्कळ आहेत. पण आज रात्री ते माझ्या कोठडीत झोपतील.”

मालकीणबाई गाडीतून खाली उतरल्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या जमिनीवर पाय ठेवताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

“किटरिज,” त्या म्हणाल्या, “किल्ल्या.” आणि मग आमच्याकडे वळून, “करार माझ्या नवऱ्याच्या टेबलात आहे. तो तिथेच राहील. पीक काढा. भात वाचणार आहे का, बायना?”

मी सावली बघितली. दोन वाजत आले होते.

“तुम्ही बाजूला झालात तर, बाईसाहेब.”

६

नंतरचं सांगताना आजही माझे हात शिवशिवतात. अख्खी वाडी बांधावर धावली. पांढरे झगे घातलेल्या मुली, पाळक, विजार वर खोचलेले जज्ज. नदीकडचं दार खाली पाडलं; पाडलेलं दार झडपेसारखं बाहेरच झुलतं, आत नाही. आता शेताकडची झडप उचलायची होती, आणि ती पाण्याच्या दाबाने घट्ट बसली होती. टायटसने काठी लावली. हलेना. त्याने मागे पाहिलं.

“मंडे! सहा वर्षं ही काठी मागत होतास ना? ये, धर एक टोक.”

दोघांनी जोर लावला. लाकूड कण्हलं, झडप वर आली आणि शेतातलं पाणी पेटीतून सुटलं. नदीकडचं दार त्या रेट्याने बाहेर झुललं. असा आवाज झाला की पाणकोंबड्या वेतातून उडाल्या. मीठ समुद्राकडे निघालं. कोणीतरी सकाळचंच गाणं पुन्हा धरलं. सकाळी आमची पापं ओहोटीत गेली होती आणि आता दुसऱ्याचं पाप चाललं होतं. डोरकस चिखलात उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिचा बाप या वेळी तिच्या शेजारी होता.

तीनला नदी थबकली आणि मग वर सरकू लागली. नव्या भरतीचं पहिलं पाणी. टायटसने ओंजळ तोंडात घेतली, डोळे मिटले.

“गोड,” तो म्हणाला. “पण तासातासाला चाखावं लागेल. मीठ यायच्या आत दार पाडायला हवं.” मग त्याचा आवाज उतरला. “मावशी, मला इथून हलता येणार नाही. आणि मी तर...”

“शब्द दिलायस,” मी म्हणाले. “कुठे आहे तो?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “भात कांडायच्या जुन्या गिरणीत, धुराड्यामागे. केटो नाव. माझा कोट त्याच्या अंगात आहे. त्याची आई वरच्या अंगाला, दुभागलेल्या सायप्रसच्या झाडापाशी राहते. आज दिवस बुडायच्या आत तिच्या दारात पोचवीन म्हटलं होतं. भाकरी दिली तेव्हा रडला गं पोर.”

“तुझी जीभ इथे लागणार. माझे हात रिकामे आहेत.”

“मावशी, शिपाई...”

“शिपायाला आज साहेबाला सांभाळायचंय.”

मी मुलींनी उतरवलेले ओले झगे गोळा केले. बारा होते, मोठं गाठोडं झालं. धुवायला वर नेते, असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं कोणी नाही, सगळे पाण्याकडे बघत होते. सँचोची होडी वेतात बांधलेली होती. गिरणीपाशी ती आडवी लावली, आत झगे पसरले. धुराड्यामागून टायटसचा कोट बाहेर आला, त्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक हाडांचा सापळा.

“झोप खाली,” मी म्हणाले. “गार लागेल, पण स्वच्छ आहे.”

तो झग्यांखाली शिरला. मी नदीची एक ओंजळ तोंडात घेतली. अजून गोडच होती. मग वल्हं उचललं. भरती वर चालली होती आणि तिने आमची होडी आपल्याबरोबर घेतली.